गाय वाचली, तरी तोटा किती? लम्पी, लाळ्या-खुरकूत आणि गोठ्याचा हिशोब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या सहा गायींच्या गोठ्यात दोघींना लम्पी झाला. दोघीही जगल्या. गावात जो भेटेल तो म्हणायचा, "वाचल्या ना, मग झालं तर!" मलाही तेव्हा तसंच वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात दुधाची वही उघडून बसले, तेव्हा कळलं की त्या दोन जिवंत गायींनी आमचं जवळजवळ सगळं वर्ष खाल्लं होतं. तेव्हापासून शेजारपाजारचे गोठेवाले, डेअरीवर दूध घालायला येणाऱ्या बाया आणि नव्याने गायी घेणारी पोरं जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

दुभत्या जनावरांना होणाऱ्या विषाणूजन्य रोगांपैकी खिशाला कोणते जास्त लागतात?

आपल्याकडे मुख्यतः तीन: लाळ्या-खुरकूत, लम्पी चर्मरोग आणि तिवा (तीन दिवसांचा ताप). चौथा आयबीआर, म्हणजे श्वासनलिका आणि गर्भाशयाला लागणारा विषाणूजन्य रोग. तो दिसत नाही. गाय आजारी वाटत नाही, पण वारंवार उलटते (म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येते) किंवा गाभडते, आणि आपण दोष वळूच्या रेतनाला नाहीतर नशिबाला देतो. दोन-तीन गायी लागोपाठ गाभडल्या, तर रक्ताचा नमुना तपासायला द्या. बाकी इथे लम्पी आणि लाळ्या-खुरकुतावरच जास्त लिहिलं आहे, कारण तोट्याचा मोठा हिस्सा तिथेच आहे.

गाय मेली नाही, बरी झाली. मग नुकसान कसलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, म्हणून सविस्तर सांगते.

ताप आला की गाय वैरण सोडते. वैरण सोडली की दूध उतरतं. एवढं सगळ्यांना दिसतं. पण ज्या गायीला व्याल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, म्हणजे ऐन भरात असताना आजार होतो, ती बरी झाल्यावरही त्या वेतात जुन्या आकड्यावर जात नाही. १४ लिटरची गाय १० वर थांबते आणि तिथूनच उतरत जाते. आपण म्हणतो, "चालतंय, हळूहळू येईल." ते येत नाही. खरं भरून येतं ते पुढच्या वेताला, तेही कास आणि सड शाबूत असतील तर.

दुसरा फटका माजाचा. आजारात अंगावरचं मांस गेलेली गाय लवकर माजावर येत नाही. आली तरी ठरत नाही. लम्पीचा ताप गाभण गायीला बसला तर ती गाभडू शकते. दरवर्षी एक वेत हा आपल्या धंद्याचा कणा. तीन-चार महिने भाकडकाळ वाढला की त्या काळातली वैरण, पेंड, मजुरी सगळं अंगावर पडतं.

तिसरा फटका कासेचा. लम्पीच्या गाठी सडांवर आल्या, किंवा लाळ्याचे फोड सडांवर फुटले, की दूध काढताना गाय लाथा मारते, दूध पूर्ण निघत नाही, आणि मागोमाग दगडी, म्हणजे कासेचा दाह होतो. एक सड कायमचा गेला म्हणजे त्या गायीचं दूध कायमचं घटलं, आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक पहिला हात कासेलाच लावतं.

चौथा फटका कालवडीचा. गाय गाभडली म्हणजे दोन-अडीच वर्षांनी दावणीला येणारी एक दुभती गाय आपण गमावली. हा तोटा तर कुणीच मोजत नाही, कारण जे आलंच नाही ते वहीत लिहिणार कसं?

आकड्यांत सांगा. एका गायीमागे किती जातात?

माझ्या वहीवरून एक नमुना हिशोब मांडते. दर आणि खर्च तुमच्याकडचे घाला, रीत तीच.

धरा, संकरित एचएफ (होल्स्टीन) गाय, व्यायला दोन महिने झाले, रोज १४ लिटर, दर लिटरला ३० रुपये. आजाराच्या पहिल्या १५ दिवसांत ती ४ लिटरवर आली: रोज १० लिटर गेलं, म्हणजे १५० लिटर. पुढचे ३० दिवस ९ लिटर: आणखी १५० लिटर. त्यानंतर आटेपर्यंतच्या साधारण २०० दिवसांत तिने रोज २ लिटर कमी दिलं: ४०० लिटर. एकूण ७०० लिटर, म्हणजे २१,००० रुपये. कमी दुधाला पेंड कमी घातली असं मानून ५,००० वजा करा. राहिले १६,०००.

औषधं, सलाइन, डॉक्टरांच्या फेऱ्या: ५,०००. ही रक्कम एका भेटीत जात नाही, आज चारशे उद्या सहाशे अशी झिरपते, म्हणून लक्षात येत नाही. प्रतिजैविक चालू असताना डेअरीला न घालता ओतून दिलेलं दूध, रोज ४ लिटर धरून १० दिवसांचं: १,२००. गाभण राहायला चार महिने उशीर: त्या काळातलं शेवटचं थोडंफार दूध वजा करूनही दिवसाला १०० रुपये पोसायला लागले असं धरलं, तर १२० दिवसांचे १२,०००.

बेरीज ३४,२०० रुपये. यात गाभडण्याचा तोटा नाही, सड गेल्याचा नाही, अंगावरच्या डागांमुळे पडलेल्या किमतीचा नाही, आणि रात्री दोन वाजता उठून जखमा धुणाऱ्या माणसाच्या कष्टाचा तर नाहीच.

म्हणजे मेलेल्या गायीच्या भरपाईपेक्षा जगलेल्या गायीचा तोटा जास्त?

कधी कधी हो, आणि याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. २०२२ मध्ये राज्य सरकारने लम्पीने मेलेल्या दुभत्या गायीसाठी ३०,००० रुपये, बैलासाठी २५,००० आणि वासरासाठी १६,००० रुपये मदत दिली. ती मिळाली हे चांगलंच झालं, त्या पैशाने अनेकांची चूल चालली. पण बाजारात दुधाची बरी संकरित गाय घ्यायला गेलं की ७०-८० हजार सांगतात. म्हणजे मेलेल्या गायीचीही अर्धी भरपाई झाली नाही. आणि जी जगली तिला पंचनामा नाही, मदत नाही, साधी नोंदही नाही. सरकारी कागदावर ती "बरी झालेली जनावरे" या रकान्यात जाते. तोट्याचा डोंगर त्याच रकान्याखाली गाडला गेला आहे.

२०२२ ला नेमकं काय झालं होतं? लम्पी आधी नव्हता का?

हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला १९२९ मध्ये, आफ्रिकेतल्या झांबियात. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात दिसला आणि २०२० मध्ये गडचिरोलीतल्या सिरोंचा भागातून महाराष्ट्रात शिरला. तेव्हा फार गाजला नाही. २०२२ च्या उन्हाळा-पावसाळ्यात गुजरात आणि राजस्थानात त्याने हाहाकार केला, आणि ४ ऑगस्ट २०२२ ला जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावल गावी त्या वर्षीचं राज्यातलं पहिलं जनावर सापडलं. तिथून महिन्या-दोन महिन्यांत तो राज्यभर गेला. देशात त्या वर्षी दीड लाखाहून जास्त जनावरं दगावली.

पावसाळ्यात एवढ्या वेगाने पसरण्याचं कारण सोपं आहे. देवीच्या विषाणूंच्या कुळातला हा विषाणू गोठ्यातल्या चावणाऱ्या माशा, डास आणि गोचीड यांच्या तोंडून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. त्यात गाड्यांमधून होणारी जनावरांची ने-आण. माशी गावातल्या गावात नेते, टेम्पो जिल्हा ओलांडून नेतो.

राज्यात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश आहे. एवढ्या जनावरांना काही महिन्यांत शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. पशुधन पर्यवेक्षक, खाजगी डॉक्टर, पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी चिखल तुडवत वाड्या-वस्त्यांवर फिरत होते. त्या लोकांचे उपकार विसरता येणार नाहीत.

लाळ्या-खुरकूत आणि लम्पी: जास्त महाग कोणता?

एका गायीचा हिशोब केला तर लम्पी. सगळ्या गोठ्याचा केला तर लाळ्या-खुरकूत.

लम्पी दावणीतल्या दोघी-तिघींना गाठतो, बाकीच्या वाचू शकतात. लाळ्याचं तसं नाही. तो श्वासातून, लाळेतून, वैरणीतून, दुधाच्या किटलीवरून, आपल्या चपलांवरूनसुद्धा जातो. लस नसलेल्या गोठ्यात आज एक गाय लाळ गाळायला लागली की आठवडाभरात सगळी दावण तोंडातल्या फोडांनी आणि खुरांतल्या जखमांनी उभी राहू शकत नाही. मग दहा दिवसांचं दुधाचं बिलच येत नाही. घर ज्या बिलावर चालतं ते बिलच शून्य.

लाळ्याने मोठी जनावरं फारशी मरत नाहीत, म्हणून लोक त्याला हलक्यात घेतात. पण दूध पिणारी वासरं हृदयाच्या स्नायूंवर परिणाम होऊन अचानक जातात. आणि मोठ्या गायींत बरं झाल्यावरही काही जणी आयुष्यभर धापा टाकतात. उन्हात उभ्या राहत नाहीत, अंगावर केस वाढतात, दूध देत नाहीत. अशी "धापणारी" गाय ज्याच्या दावणीला आहे त्याला विचारा, लाळ्या स्वस्त आहे का म्हणून.

जगात एवढी धास्ती लाळ्याचीच का?

कारण तो व्यापार बंद पाडतो. ब्रिटनमध्ये २००१ मध्ये साथ आली तेव्हा ती आटोक्यात आणायला ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली आणि एकूण तोटा सुमारे ८ अब्ज पौंड मानला गेला. यात शेतीइतकाच पर्यटनाचाही तोटा होता, कारण खेड्यांतल्या पायवाटाच बंद केल्या होत्या. जर्मनीत जानेवारी २०२५ मध्ये ब्रांडेनबर्गमधल्या काही म्हशींत हा रोग सापडला. १९८८ नंतरचा तिथला पहिलाच. लगेच अनेक देशांनी जर्मन मांस आणि दुधाचे पदार्थ घेणं थांबवलं.

आपल्याकडे हा रोग ठाण मांडून बसलेला आहे, त्यामुळे आपला तोटा एका साथीत दिसत नाही, दरवर्षी थोडा थोडा होतो. म्हणूनच केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस (गायी गाभडवणारा जिवाणूंचा रोग) यांच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. ११ सप्टेंबर २०१९ ला मथुरेत त्याची सुरुवात झाली आणि त्यासाठी १३,३४३ कोटी रुपये मंजूर झाले. दर सहा महिन्यांनी लाळ्याची लस फुकट टोचली जाते ती त्यातूनच.

लस टोचली की दूध घटतं. मग भरल्या दुधाच्या गायीला का टोचायची?

घटतं, हे खरं आहे. एक-दोन दिवस अंग कसकसतं, दूध थोडं उतरतं, कधी टोचलेल्या जागी गाठ येते. १४ लिटरच्या गायीने दोन दिवस दोन-दोन लिटर कमी दिलं, तर १२० रुपये गेले. वरचा ३४,२०० चा हिशोब पुन्हा वाचा.

आमच्या वस्तीवर अजूनही काही जण पर्यवेक्षक आले की सांगतात, "दुभत्या सोडा, भाकड टोचा." ही खरी घातक काटकसर. जिच्याकडून सगळ्यात जास्त मिळतं तीच उघडी ठेवायची, हे कोणत्या धंद्यात चालतं?

काही गोष्टी मात्र पाळा. लस आजारी किंवा तापातल्या जनावराला टोचू नये. शेवटच्या महिन्यातल्या गाभण गायीबाबत डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आधी जंताचं औषध देऊन घ्या. लस बर्फाच्या डब्यातून, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये आली आहे ना, हे निर्धास्त विचारा. विचारण्यात काही वावगं नाही. आणि टोचल्यावर लगेच संरक्षण मिळतं असं समजू नका, दोन-तीन आठवडे लागतात. साथ गावात आल्यावर धावाधाव करणाऱ्यांची जनावरं त्या मधल्या दिवसांतच सापडतात आणि मग लोक म्हणतात लसीने आजार झाला.

वासरांना टोचायची का?

हो. लाळ्याची पहिली लस चार महिन्यांच्या वयात, महिन्याने दुसरी, मग दर सहा महिन्यांनी. लम्पीची वर्षातून एकदा. २०२३ मध्ये लम्पी पुन्हा आला तेव्हा वासरांचे हाल जास्त झाले. आधीच्या वर्षी टोचलेली मोठी जनावरं बऱ्यापैकी तरली, नंतर जन्मलेली उघडी पडली.

लम्पीसाठी आपली स्वतःची लस आहे ना?

आहे. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था यांनी "लम्पी-प्रोव्हॅकइंड" ही लस तयार केली, ती १० ऑगस्ट २०२२ ला जाहीर झाली. तुमच्या भागात कोणती लस उपलब्ध आहे ते दवाखान्यात कळेल. हातात आहे ती वेळेवर टोचणं हे चांगल्या लसीची वाट पाहण्यापेक्षा बरं.

लम्पी झालेल्या गायीचं दूध प्यावं का? डेअरी घेते का?

लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायला हरकत नाही. २०२२ मध्ये मोबाइलवर गाठी आलेल्या गायींचे फोटो फिरले, आणि शहरात काही घरांनी सुटं दूध बंद केलं. त्या अफवेचा तोटा ज्यांच्या गोठ्यात एकही गाय आजारी नव्हती त्यांनाही झाला. रोज घरोघरी रतीब घालणाऱ्या माणसाची दहा गिऱ्हाइकं तुटली की ती परत जोडायला वर्ष जातं.

मात्र आजारी गायीला प्रतिजैविक चालू असेल तर ते दूध डेअरीला घालू नका. औषधाच्या बाटलीवर किती दिवस दूध वापरू नये ते लिहिलेलं असतं. त्या दूधाने सगळा टँकर नाकारला जाऊ शकतो, आणि ते पिणाऱ्या लेकरांच्या पोटात औषध जातं. ओततानाचं दुःख मला ठाऊक आहे, तरी ओताच.

औषधावर एवढा खर्च करायचा की नाही?

विषाणूवर थेट औषध नाही. ताप उतरवणं, जखमेत दुसरे जंतू होऊ न देणं, माशा दूर ठेवणं आणि गायीला खातं-पितं ठेवणं, एवढ्यासाठीच उपचार असतो. पहिल्या दिवशी डॉक्टरांना बोलावलं तर खर्च आवाक्यात राहतो. आठवडाभर घरगुती करून, गाय बसल्यावर बोलावलं तर दुप्पट लागतो, आणि गाय हाती लागेल याची खात्री नाही.

घरचा उपाय करूच नये असं माझं म्हणणं नाही. लम्पीत १० विड्याची पानं, १० ग्रॅम मिरी, १० ग्रॅम मीठ वाटून गुळातून चाटवायचा उपाय राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही सांगितला होता. खर्च किरकोळ. लाळ्यात तोंड पोटॅशच्या (पोटॅशियम परमँगनेट, खताचं पोटॅश नव्हे) फिक्या पाण्याने धुऊन बोरोग्लिसरीन लावणं, मऊ हिरवा चारा आणि पातळ पेज देणं याने गाय तगते. पण हे डॉक्टरांच्या जोडीला करायचं, त्यांच्याऐवजी नाही. आणि जखमेत जळकं ऑइल घालू नका, हात जोडून सांगते.

तिवा तीन दिवसांत जातो. त्याचा कसला तोटा?

बहुतेक वेळा जातो. पण भरपूर दूध देणारी जड गाय त्या तीन दिवसांत बसली आणि उठली नाही, की प्रकरण हाताबाहेर जातं. आजाराच्या दिवसांत तोंडातून बळेच औषध पाजू नका. तिव्यात गिळायला त्रास होतो, औषध फुप्फुसात जातं आणि गाय तिव्याने नाही, ठसक्याने मरते.

जनावरांचे बाजार बंद होतात तेव्हा कुणाचं काय जातं?

रोखीची वाट बंद होते. आपल्याकडे गाय म्हणजे दावणीला बांधलेली ठेव. लेकीचं लग्न, दवाखाना, बियाणं, अशा वेळी एखादी विकायची. घोडेगाव किंवा काष्टीसारखे बाजार महिनोन् महिने बंद राहिले की ती ठेव मोडता येत नाही. भाकड जनावर विकता येत नाही म्हणून पोसत बसावं लागतं. ज्याला खरंच गरज आहे तो व्यापाऱ्याला गोठ्यातच पडेल भावात देतो.

यात बैलवाल्यांना विसरू नका. २०२२ ची साथ पेरणीनंतर आली तरी कोळपणी, रब्बीची मशागत आणि पुढे ऊसतोडीचा हंगाम समोर होता. बैलगाडीवर ऊस वाहणाऱ्या कुटुंबाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. बैल आजारी पडला किंवा ने-आण बंद झाली तर उचल तशीच अंगावर राहते. दुधाचा हिशोब लिटरात तरी होतो, या कुटुंबांचा कशात करायचा? त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी अनेक गावांनी पोळ्याला मिरवणूक न काढता बैल दावणीलाच पुजले. आमच्याकडेही तसंच केलं.

लहान गोठ्याला जास्त त्रास की मोठ्याला?

रुपयांत मोठ्याला, जिवावर लहानाला. ५० गायींच्या गोठ्यात पाच आजारी पडल्या तर बिल कमी येतं. दोन गायींच्या गोठ्यात एक आजारी पडली तर निम्मं बिल गेलं, आणि दुसरीच्या दुधातून पहिलीचं औषध आणावं लागतं. अशा घरांत गोठा बहुतेक बाईच सांभाळते. दुधाच्या पैशातून किराणा, शाळेची फी, बचत गटाचा हप्ता जातो. आजारी गायीची रात्रंदिवस सेवाही तीच करते, आणि गटाचा हप्ता चुकला तर बैठकीत खाली मानही तिचीच. गायीच्या रोगाच्या आर्थिक परिणामांवर बोलताना मला आधी ती बैठक आठवते.

विमा घेतला तर सगळं भरून निघतं का?

नाही. नेहमीचा पशुविमा मृत्यूचा असतो. दूध घटलं, गाय गाभडली, माज लांबला, याचा पैसा त्यात येत नाही. तरीही घ्या. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ मध्ये बदल झाला, त्यात पशुपालकाचा हप्त्यातला वाटा १५ टक्क्यांवर आणला आहे, उरलेला केंद्र आणि राज्य भरतात.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून जपा: कानातला बिल्ला. बिल्ला नाही तर दावा नाही. १२ आकडी क्रमांक वहीत लिहून ठेवा, गायीसह बिल्ला दिसेल असा फोटो काढून ठेवा, बिल्ला पडला तर त्याच आठवड्यात कळवून नवा मारून घ्या. २०२४ मध्ये राज्याने गायीच्या दुधाला लिटरमागे अनुदान दिलं तेव्हाही बिल्ल्याची नोंद मागितली होती. ज्यांनी "कान कशाला टोचायचा" म्हणून टाळलं होतं, ते तेव्हा रांगेत उभे होते. लसीकरणाची नोंदही त्याच क्रमांकावर चढते, ती चढली की नाही हे बघून घ्या.

आजार झाल्याचं कळवलं तर दूध बंद होईल, लोक बोलतील. कळवायलाच हवं का?

हवं. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याप्रमाणे अधिसूचित (सरकारने यादीत घातलेल्या) रोगाची खबर देणं मालकाचं कर्तव्य आहे. पण कायद्याचं सोडा, पैशाचं बघा. खबर दिली तर भोवतालच्या गोठ्यांना लस मिळते. खबरच नसेल तर उद्या गाय दगावल्यावर पंचनामा कशाच्या आधारावर करायचा? लपवलेली गाय संध्याकाळी त्याच माशांना चावू देते ज्या सकाळी शेजारच्या गोठ्यात असतात. दवाखान्यात सांगा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा.

साथीच्या दिवसांत नवी गाय आणावी का?

आणू नका. आणलीच, तर २८ दिवस वेगळी बांधा: वेगळी गव्हाण, वेगळी बादली, तिचं दूध शेवटी काढायचं. जागा नाही असं सगळेच म्हणतात. घरामागे छपराखाली महिनाभर बांधायला लागणारी जागा दुसऱ्या कोणत्याही उपायापेक्षा स्वस्त आहे.

हिशोबाची वही कशी ठेवायची?

साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक गायीला दोन पानं. रोजचं सकाळ-संध्याकाळचं दूध, व्याल्याची तारीख, माजाची तारीख, रेतनाची तारीख, लसीची तारीख, औषधाचा खर्च. आजार आला की त्या दिवसावर लाल खूण करा. सहा महिन्यांनी लाल खुणेच्या आधीचं आणि नंतरचं दूध शेजारी शेजारी मांडा. डेअरीच्या बिलावर सगळ्या गायींचं दूध एकत्र असतं, त्यात एकीचा तोटा दुसरीच्या भरात बुडून जातो. बँकेत, डेअरीत किंवा तालुक्याला कुणासमोर बोलायचं झालं तर या वहीइतका पुरावा दुसरा नाही.

शेजारच्या गोठ्यात आज लागण झाली आहे. मी आज काय करू?

दवाखान्यात कळवा आणि लस राहिलेल्या जनावरांची यादी द्या. आपली जनावरं चरायला सोडू नका, एकाच हौदावर पाणी पाजू नका. संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करा, शेण-मुताची डबकी काढा, गोचिडांचं औषध डॉक्टरांना विचारून लावा. लम्पी असेल तर गोठा २ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने धुवा. लाळ्या असेल तर १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून दारात पाय बुडवायला ठेवा. शेजाऱ्याच्या मदतीला जायचं असेल तर जा, जायलाच हवं, पण परत आल्यावर अंघोळ करून, कपडे बदलूनच दावणीला हात लावा. आणि आज संध्याकाळचं दूध काढलं की प्रत्येक गायीचा आकडा वेगळा लिहून ठेवा.